‘यंदा तरी आफ्रिका जिंकणार का?’ : मराठी क्रीडा पत्रकार आणि समालोचकांना खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांचे संपादक, क्रीडा पत्रकार आणि दूरचित्रवाणीवरील फुटबॉल समालोचक यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या ११ जूनला मेक्सिको सिटीत यजमान मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका यांच्या सामन्याने ४८ संघांचा पहिला फुटबॉल विश्वचषक सुरू होईल. त्याआधीच्या आठवड्यात आपल्या पानांवर आणि पडद्यावर ‘यंदा तरी आफ्रिका जिंकणार का?’ हा लेख हमखास येईल. दर विश्वचषकाला तो येतो आणि त्यातला मजकूर फारसा बदलत नाही. आफ्रिकी खेळाडूंकडे उपजत ताकद आणि वेग असतो, त्यांचा खेळ बेधडक आणि मनोरंजक असतो, पण शिस्तीत आणि डावपेचांत ते कमी पडतात, त्यामुळे एखाद्या बड्या संघाला धक्का देऊन ते घरी परततील, असा त्याचा ठरलेला सूर असतो. यंदा तो लिहायला बसण्यापूर्वी आपण काही गोष्टी तपासून पाहाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आफ्रिकी संघांच्या अपयशाचा मोठा वाटा त्यांच्या फुटबॉल संघटनांच्या कारभारात आहे आणि तो कारभार जिथे सुधारला तिथे निकालही बदलले, असे माझे म्हणणे आहे.

आधी मोजपट्टीविषयी. १९३० पासून २०२२ पर्यंत २२ विश्वचषक झाले आणि ते फक्त आठ देशांनी जिंकले. नेदरलँड्स १९७४, १९७८ आणि २०१० असे तीन वेळा अंतिम सामन्यात हरले. हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकिया प्रत्येकी दोनदा अंतिम फेरीत पोहोचले, स्वीडन आणि क्रोएशिया एकेकदा, आणि यांपैकी कुणाच्याही हाती चषक लागला नाही. तरीही क्रोएशियाला चषक मिळाला नाही म्हणून क्रोएशियन माणसाच्या स्वभावावर कुणी परिच्छेद लिहीत नाही. आफ्रिकेबद्दल मात्र ५४ सदस्य संघटनांच्या अख्ख्या खंडाला एकच स्वभाव चिकटवला जातो, जणू कैरो, डकार आणि जोहान्सबर्ग ही एकाच गावातली तीन पेठांची नावे आहेत.

शिवाय संधी किती मिळाली, हेही पाहायला हवे. १९६६ च्या स्पर्धेसाठी आफ्रिका, आशिया आणि ओशिनिया या तिघांत मिळून एकच जागा ठेवली होती. घानाच्या पुढाकाराने आफ्रिकी देशांनी पात्रता फेरीवर बहिष्कार टाकला, तेव्हा कुठे १९७० पासून आफ्रिकेला हक्काची एक जागा मिळाली. १९८२ मध्ये दोन, १९९४ मध्ये तीन, १९९८ मध्ये पाच, अशा त्या वाढत गेल्या. १९३४ च्या इजिप्तपासून २०२२ पर्यंत सगळ्या आफ्रिकी देशांनी मिळून विश्वचषकात ४९ वेळा हजेरी लावली. २०२२ च्या एकाच स्पर्धेत युरोपचे १३ संघ होते. थोड्या तिकिटांवर लॉटरी लागली नाही, तर तिकिटे घेणाऱ्याच्या चारित्र्याला दोष देता येत नाही. यंदा आफ्रिकेला नऊ थेट जागा आहेत. मोरोक्को, सेनेगल, आयव्हरी कोस्ट, इजिप्त, अल्जीरिया, ट्युनिशिया, घाना आणि दक्षिण आफ्रिका यांच्याबरोबर सुमारे पाच लाख वस्तीचे केप व्हर्देही आहे. आयव्हरी कोस्ट आणि ट्युनिशिया या दोघांनी पात्रता फेरीतल्या दहा सामन्यांत एकही गोल खाल्लेला नाही. ‘आफ्रिकी बचाव ढिसाळ असतो’ हे वाक्य तयार असेल, तर छापण्यापूर्वी ही नोंद एकदा डोळ्यांखालून घालावी.

आता मैदानाकडे. नेपल्समधला १९९० चा इंग्लंड–कॅमेरून हा उपांत्यपूर्व सामना आपल्या लेखांत नेहमी येतो, पण रॉजर मिला आणि त्याचे कॉर्नरच्या झेंड्यापाशी नाचणे यापलीकडे त्याचे वर्णन सहसा जात नाही. त्या सामन्यात मिला मध्यंतरानंतर उतरला. त्याला पाडल्यामुळे पेनल्टी मिळाली आणि कुंडेने बरोबरी साधली. चारच मिनिटांनी मिलाच्याच पासवर एकेकेने दुसरा गोल केला. ८३ व्या मिनिटापर्यंत कॅमेरून २-१ ने पुढे होते. मग इंग्लंडला एक पेनल्टी मिळाली, जादा वेळेत दुसरी मिळाली, दोन्ही गॅरी लिनेकरने मारल्या आणि सामना ३-२ असा गेला. आघाडी असताना चेंडू अंगाशी धरून वेळ काढायला हवा होता, कॅमेरून मात्र पुढेच धावत राहिले, ही टीका रास्त आहे. सलामीच्या सामन्यात अर्जेंटिनाला हरवताना त्यांचे दोन खेळाडू बाहेर काढले गेले होते आणि पिवळ्या कार्डांमुळे नेपल्समध्ये चार प्रमुख खेळाडू निलंबित होते, तेव्हा त्या संघापुरता शिस्तीचा मुद्दाही खरा आहे. तो मी नाकारत नाही. पण चार खेळाडू नसताना, मागून येऊन ८३ व्या मिनिटापर्यंत इंग्लंडवर आघाडी टिकवणाऱ्या संघाकडे डावपेच नव्हते, हे मात्र पटण्यासारखे नाही.

१९९४ मध्ये बोस्टनजवळ नायजेरिया इटलीविरुद्ध १-० ने पुढे होते, इटलीचा झोला बाहेर गेल्याने समोर दहाच खेळाडू होते आणि सामना संपायला दोन मिनिटे उरली होती. तेवढ्यात रॉबर्टो बाज्जोने बरोबरी केली आणि जादा वेळेतल्या पेनल्टीवर सामनाही नेला. पुढे इटली अंतिम फेरीपर्यंत गेली. २००२ मध्ये सेनेगल तुर्कस्तानकडून गोल्डन गोलवर, म्हणजे जादा वेळेत पहिला गोल करणारा जिंकतो या तेव्हाच्या नियमाने, हरले. २०१० मध्ये जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी घानाचा गोलात जाणारा चेंडू उरुग्वेच्या सुआरेझने हाताने अडवला, असामोआ ग्यानची पेनल्टी आडव्या खांबाला लागली आणि शूटआऊटमध्ये उरुग्वे पुढे गेले. २०१४ मध्ये अल्जीरियाने जर्मनीला जादा वेळेपर्यंत झुंजवले आणि तोच जर्मन संघ पुढे जगज्जेता झाला. याच्या उलट बाजूही आहे. २०१८ मध्ये पाचही आफ्रिकी संघ गट साखळीतच संपले, त्यांतले सेनेगल तर जपानपेक्षा जास्त पिवळी कार्डे मिळाल्यामुळे. इथे दुर्दैवाची यादी करण्याचा हेतू नाही. एवढे अटीतटीचे सामने हातचे का गेले, याचे उत्तर आपण खेळाडूंच्या रक्तात शोधतो आणि त्यांच्या संघटनांच्या कागदपत्रांत शोधत नाही, एवढीच तक्रार आहे.

त्या कागदपत्रांत काय सापडते? शैबू अमोदू हे नाव आपल्या वाचकांनी क्वचितच वाचले असेल. या प्रशिक्षकाने नायजेरियाला २००२ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरवले. त्यानंतर आफ्रिकी चषकात संघ तिसरा आला आणि अमोदूंना काढून टाकण्यात आले. २०१० च्या विश्वचषकासाठी त्यांनी संघाला पुन्हा पात्र ठरवले, आफ्रिकी चषकात संघ पुन्हा तिसरा आला आणि त्यांना पुन्हा बाजूला करून, विश्वचषक चार महिन्यांवर असताना, स्वीडनचे लार्स लागरबॅक आणले गेले. दोन्ही वेळा नायजेरियाला विश्वचषकात एकही विजय मिळाला नाही. त्याच २०१० च्या हंगामात आयव्हरी कोस्टने पात्रता मिळवून देणाऱ्या वाहिद हलिलहोजिच यांना घालवले आणि स्वेन-गोरान एरिकसन यांना बोलावले. ड्रोग्बा, याया टुरे आणि कोलो टुरे असलेला तो संघ, ज्याला आपण सगळे ‘सोनेरी पिढी’ म्हणत होतो, नव्या माणसाच्या हाताखाली तीन सामने खेळून परतला. हेच हलिलहोजिच चार वर्षांनी अल्जीरियाच्या बाकावर होते आणि जर्मनीला घाम फोडत होते.

दुसरी गोष्ट पैशांची. २०१४ मध्ये ब्राझीलला निघताना कॅमेरूनचे खेळाडू बोनसच्या वादावरून विमानात बसायला तयार नव्हते. नायजेरियाच्या खेळाडूंनी फ्रान्सविरुद्धच्या बाद फेरीपूर्वी सराव टाळला. घानाचा तर किस्साच झाला. संघटनेच्या आश्वासनांवर खेळाडूंचा विश्वास राहिला नव्हता, म्हणून सरकारला तीस लाख डॉलरहून अधिक रोकड खास विमानाने ब्राझीलला पाठवावी लागली आणि विमानतळापासून हॉटेलपर्यंत ती पोलीस बंदोबस्तात नेली गेली. पोर्तुगालविरुद्धच्या निर्णायक सामन्याच्या दिवशीच मुंतारी आणि बोआटेंग यांना शिस्तभंगावरून संघाबाहेर काढण्यात आले. आपल्याकडे हा प्रकार ‘पैशांसाठी रुसलेले खेळाडू’ म्हणून आला. ज्या संघटनेने स्पर्धेपूर्वी करारावर सही करून पैसे बँकेत भरायला हवे होते, तिचा उल्लेख शेवटच्या ओळीत आला किंवा आलाच नाही. २००६ मध्ये टोगोचे प्रशिक्षक ओटो फिस्टर याच वादापायी पहिल्या सामन्याच्या तोंडावर निघून गेले आणि मग परत आले.

हे जुने झाले असे वाटत असेल तर नोव्हेंबर २०२५ घ्या. विश्वचषकाच्या आशेसाठी रबातमध्ये गॅबनशी खेळायचे असताना नायजेरियाच्या खेळाडूंनी थकलेल्या पैशांसाठी सरावावर बहिष्कार घातला. गॅबनला त्यांनी ४-१ ने हरवले, पण पुढच्या सामन्यात डीआर काँगोने त्यांना पेनल्टी शूटआऊटमध्ये बाद केले. ओसिमेनसारखा आघाडीपटू त्यामुळे यंदाचा विश्वचषक घरी बसून पाहणार आहे. दक्षिण आफ्रिकेने लेसोथोविरुद्ध तेबोहो मोकोएनाला खेळवले, तेव्हा तो कार्डांमुळे निलंबित होता आणि हे संघ व्यवस्थापनाच्या लक्षातच आले नव्हते. ‘फिफा’ने तीन गुण कापले. ते पात्र ठरले ही त्यांच्या खेळाडूंची कमाई. अनेक देशांना तर त्यांच्या एकाही स्टेडियमला मान्यता नसल्यामुळे पात्रता फेरीतले ‘घरचे’ सामने परक्या देशात खेळावे लागले.

आणि १९७४ चे झैर, म्हणजे आजचे डीआर काँगो. ब्राझीलला मिळालेल्या फ्री किकवर झैरचा एम्वेपू इलुंगा बचावपटूंच्या भिंतीतून धावत सुटतो आणि रेफ्रीच्या शिट्टीनंतर स्वतःच चेंडू दूर मारतो, ही चित्रफीत आपले समालोचक दर विश्वचषकाला ‘बिचाऱ्याला नियम माहीत नव्हते’ म्हणत दाखवतात. झैर त्या वर्षीचे आफ्रिकी विजेते होते, नियम न कळणारा संघ तिथवर पोहोचत नाही. कबूल केलेले पैसे मिळणार नाहीत हे कळल्यावर तो संघ युगोस्लाव्हियाविरुद्ध ०-९ असा कोसळला. त्यानंतर हुकूमशहा मोबुटूच्या माणसांनी येऊन, ब्राझीलकडून चार गोलांनी हरलात तर घरी परतता येणार नाही, अशी तंबी दिली, असे इलुंगाने पुढे सांगितले. ती फ्री किक मिळाली तेव्हा संघ हरतच होता. शेवटी निकाल ०-३ लागला. ही पार्श्वभूमी सांगायला समालोचनात अर्धा मिनिटही लागत नाही.

आता मोरोक्को. २०२२ मध्ये त्यांनी बेल्जियम, स्पेन आणि पोर्तुगाल यांना मागे टाकून उपांत्य फेरी गाठली आणि तोपर्यंत त्यांच्या जाळ्यात गेलेला एकमेव चेंडू त्यांच्याच नायेफ अग्वेर्दचा स्वयंगोल होता. त्याला चमत्कार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पोर्तुगालविरुद्ध हेडरने गोल करणारा एन-नेसिरी, मध्यफळीतला ऊनाही आणि बचावातला अग्वेर्द हे तिघेही रबातजवळच्या सालेमधील मोहम्मद सहावे फुटबॉल अकादमीतून आलेले. ही अकादमी २००९ च्या सुमारास सुरू झाली. म्हणजे त्या उपांत्य फेरीची तयारी बारा-तेरा वर्षे आधीपासून चालू होती. दुसरा आधार परदेशस्थ मोरोक्कन कुटुंबांचा. २६ पैकी १४ खेळाडू देशाबाहेर जन्मलेले होते: हकिमी माद्रिदमध्ये, गोलरक्षक बुनू माँट्रियलमध्ये, झियेश आणि अमराबत नेदरलँड्समध्ये. युरोपच्या अकादम्यांत घडलेल्या या मुलांना ‘तुम्ही आमच्याकडून खेळा’ असे सांगायला संघटनेने माणसे नेमली, पाठपुरावा केला आणि त्यांच्या प्रवासाची, निवासाची, उपचारांची व्यवस्था क्लबच्या तोडीची ठेवली.

माझ्या मांडणीला इथे एक अडचण येते, ती लपवत नाही. मोरोक्कोनेही विश्वचषकाला तीन महिने उरले असताना प्रशिक्षक बदलला होता. ज्यांना काढले ते हेच हलिलहोजिच, बिचारे, आणि आले ते वालिद रेग्रागुई. आयव्हरी कोस्टने तर २०२४ च्या सुरुवातीला झालेल्या आफ्रिकी चषकात स्पर्धा चालू असताना प्रशिक्षक गासे यांना घालवले, सहायक एमर्स फाए यांच्याकडे संघ दिला आणि चषकही जिंकला. त्यामुळे प्रशिक्षक टिकवला म्हणजे सगळे साधते, असा नियम काढता येत नाही. मला दिसते ते असे की, अकादमी, वैद्यकीय पथक आणि पैशांचा चोख व्यवहार जागेवर असेल तर एका माणसाच्या जाण्याने इमला ढासळत नाही. ते नसेल तर कुणीही आला तरी तीन सामन्यांत परतावे लागते.

मोरोक्को अखेर कुठे कमी पडले, हे फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात स्पष्ट दिसले. अग्वेर्दचे नाव पहिल्या अकरांत होते, पण सामना सुरू होण्याआधीच त्याला माघार घ्यावी लागली. कर्णधार साइस आधीच जखमी होता, तो २१ व्या मिनिटाला बाहेर गेला. मझरौई मध्यंतरानंतर परतला नाही. पाचव्याच मिनिटाला गोल खाऊनही मोरोक्कोने त्यानंतर बराच वेळ चेंडू स्वतःकडे ठेवला. मात्र फ्रान्सने बाकावरून कोलो मुआनीला उतरवले आणि त्याने मैदानात येताक्षणी ७९ व्या मिनिटाला दुसरा गोल केला. विश्वविजेता ठरतो तो बहुधा अशा बाकावर. यंदा जिंकण्यासाठी सातऐवजी आठ सामने खेळावे लागतील, तेही उत्तर अमेरिकेच्या उन्हाळ्यात, लांबलांबचे प्रवास करून. बाराव्या ते विसाव्या क्रमांकाचे खेळाडू कोणत्या दर्जाचे आहेत, यावर आफ्रिकी संघांची शक्यता ठरेल. संघ वाढल्यामुळे आफ्रिकेला बाद फेरी गाठणे सोपे झाले आहे आणि चषक जिंकणे थोडे अवघड झाले आहे, असे मला वाटते.

‘कुमार गटात जिंकतात, मोठेपणी काय होते?’ हा प्रश्नही आपण विचारता आणि तो योग्य आहे. नायजेरियाने १७ वर्षांखालील विश्वचषक पाच वेळा जिंकला. घानाने २००९ मध्ये २० वर्षांखालील अंतिम सामन्यात दहा खेळाडूंनिशी ब्राझीलला हरवले. वयचोरीचा संशय त्या काळातल्या काही संघांवर होता आणि त्यामुळेच २००९ पासून १७ वर्षांखालील स्पर्धेत मनगटाच्या एमआरआय तपासण्या आल्या. त्यानंतरही नायजेरिया २०१३ आणि २०१५ मध्ये जिंकले, तेव्हा सगळेच वयावर ढकलता येत नाही. २०१७ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मालीच्या मुलांनी स्पेनविरुद्धचा उपांत्य सामना १-३ ने गमावला, तो महाराष्ट्रातल्या हजारो प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिला. शेख दुकुरेचा लांबून मारलेला चेंडू आडव्या खांबाला लागून रेषेपलीकडे पडला होता आणि गोल दिला गेला नाही, हेही. पण दुसऱ्या दिवशी मालीबद्दल बोलले गेले ते त्यांच्या शरीरयष्टीविषयी. माली आजवर एकदाही मुख्य विश्वचषकाला पात्र ठरलेले नाही आणि का नाही, याचे उत्तर शरीरयष्टीत मिळणार नाही. गोव्यातही हेच झाले. धेंपोचा रँटी मार्टिन्स आणि चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली या नायजेरियन आघाडीपटूंनी वर्षानुवर्षे गोलांचे ढीग रचले, तरी त्यांच्या बातम्यांत ‘धिप्पाड’ आणि ‘ताकदवान’ हीच विशेषणे आली. बचावपटूच्या मागून नेमक्या क्षणी सुटण्याची त्यांची समज बातमीत आलीच नाही.

मला विचाराल तर, २०२६ मध्ये आफ्रिकी संघ विश्वविजेता होण्याची शक्यता कमी आहे, पण ती थट्टेवारी नेण्याइतकी कमी नाही. मोरोक्कोने ऑक्टोबर २०२५ मध्ये सलग सोळावा आंतरराष्ट्रीय विजय मिळवून स्पेनचा विक्रम मोडला. त्यांच्यासाठी उपांत्य फेरी हे वाजवी लक्ष्य आहे. सेनेगलकडे त्याखालोखाल ताकदीचा संघ आहे, पण गटात फ्रान्स आणि नॉर्वे आहेत. आयव्हरी कोस्टसमोर जर्मनी आणि इक्वेडोर आहेत. बाकीच्यांनी बाद फेरीचा एक सामना जिंकला तरी ते यश मानावे. माझी खरी नजर २०३० वर आहे. तेव्हा मोरोक्को स्पेन आणि पोर्तुगालसह यजमान असेल आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चिलीत यासिर झाबिरीच्या दोन गोलांनी अर्जेंटिनाला हरवून २० वर्षांखालील विश्वचषक जिंकणारी त्यांची मुले पंचविशीत असतील. पेले यांनी विसावे शतक संपण्याआधी आफ्रिकी विजेत्याचे भाकीत केले होते. ते चुकले. मी भाकीत करत नाही, पण पैज लावायची वेळ आली तर २०३० ला मोरोक्कोवर लावीन.

आपल्याकडून अपेक्षा फार नाहीत. मोरोक्को–ब्राझील सामना १४ जूनच्या पहाटे आपल्याकडे दिसेल. त्याच्या पूर्वपरीक्षणात मोरोक्कोच्या मध्यफळीत कोण कुणाच्या मागे उभा राहतो, हे ब्राझीलइतक्याच तपशिलाने द्यावे. सगळ्या आफ्रिकी संघांच्या बोनसचे करार स्पर्धेपूर्वी झाले की नाहीत, प्रशिक्षक किती महिन्यांपासून पदावर आहे आणि त्याला नेमणारे कोण आहेत, याची एक चौकट छापावी. वृत्तसंस्थांच्या बातम्यांतून ही माहिती मिळते, आपण ती जागेअभावी कापता. खेळाडूंची नावे त्यांच्या देशात जशी उच्चारतात तशी एकदा ऐकून घ्यावीत. आणि केप व्हर्देने स्पेनला तासभर जरी रोखले, तरी त्यांचा बचाव कसा रचला होता, हे दुसऱ्या दिवशीच्या अंकात वाचायला मिळावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
क्रीडा पानाचा एक नियमित वाचक